खात्याच्या गाडीचा आवाज

खात्या पावराच्या पिकअपचं डावं दार मी उघडलं तेव्हा आतून काय काय निघालं ते आधी सांगतो. गुटख्याच्या रिकाम्या पुड्या, अडतीस. माझाच विश्वास बसेना म्हणून मोजल्या. वाळलेली पाल, एक. उंदराचं घरटं, त्यात कुणाच्या तरी निळ्या ओढणीच्या चिंध्या आणि लेंड्यांचा ढीग. आणि या सगळ्यावर लाल मिरचीच्या भुकटीचा थर, कारण ही गाडी आधी नंदुरबारच्या एका मिरचीवाल्याकडे होती. मला शिंक आली, भुकटी उडाली, डोळ्यांत गेली, आणि मी दहा मिनिटं नळाखाली तोंड धरून बसलो. कंपनीने स्पीकर म्हणून जे लावलं होतं ते कागदाचं होतं. उंदराने तेही अर्धं खाल्लं होतं. उंदराला मी दोष देत नाही, त्या कागदाचा दुसरा काही उपयोगही नव्हता.

मी उमाकांत चौधरी. मूळ म्हसावदचा, पण बावीस वर्षं झाली, तळोद्यात बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. गाड्यांचे टेप, स्पीकर, हॉर्न, वायरिंग, एवढीच कामं करतो. मला किळस लवकर येते. बायको म्हणते हा आजार आहे. तिने एक दिवस माझ्या दुकानात बसून बघावं. लोक गाडी घेतात, तिच्यात थुंकतात, तिच्यात जेवतात, खरकटे हात सीटला पुसतात आणि मग मला म्हणतात, आवाज साफ येत नाही. पन्नास रुपयांचा माल चकचकीत खोक्यात घालून त्यावर 'दोन हजार वॅट' छापणारे लोक आहेत, आणि तो छाप वाचून खोकं छातीशी धरून घरी नेणारे त्याहून जास्त आहेत. लग्नसराईत पिकअपवर भिंतीएवढे खोके रचून, निळे-जांभळे दिवे लावून जे फिरतात, त्यांच्याबद्दल तर मी बोलतच नाही. त्यांचं एक गाणं दुकानासमोरून गेलं की माझ्या बरणीतले स्क्रू आपोआप जागा बदलतात. याला ते आवाज म्हणतात. मी त्याला उलटी म्हणतो.

पण हे लिहायला बसलोय ते खात्याबद्दल. माझ्याबद्दल पुढे येईलच, टाळता येणार नाही.

खात्या धडगावच्या बाजूचा, वर सातपुड्यातला. टेंभुरपाडा हे त्याच्या पाड्याचं नाव. बुटका, काटक, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. अकरा वर्षं त्याने तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याकडे केळीची गाडी चालवली. त्यामुळे तो आमची अहिराणी चांगली बोलतो, म्हणजे बोललाच तर. अकरा वर्षांनी त्याने स्वतःची गाडी घेतली, जुनी, तीच मिरचीवाली. टेंभुरपाड्यात स्वतःची चारचाकी असलेला तो पहिला माणूस. त्या गाडीने तो केळी वाहत बसला नाही. बाजाराच्या दिवशी पहाटे तो वरच्या अकरा पाड्यांतली माणसं घेऊन तळोद्याला उतरतो आणि दुपारी त्यांना घेऊन परत वर चढतो. माणसं, शेळ्या, कोंबड्या, आमचूरची पोती, बाळंतिणी, आजारी म्हातारे, सगळं एकाच हौद्यात.

हे काम त्याने का धरलं ते त्याने मला एकदाच सांगितलं होतं, फ्यूज बदलत असताना, तेही मी विचारलं म्हणून. तो सोळा वर्षांचा असताना त्याच्या बापाच्या पोटात कळ उठली. दोघा-तिघांनी बापाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यावर आणलं. रस्त्यावरून आमच्या बाजूची एक जीप गेली. जीपमध्ये जागा होती. ड्रायव्हरने बघितलं, आणि गेला. दुसरी गाडी दुपारी आली. बाप गाडीतच गेला. एवढं सांगून खात्या म्हणाला होता, "मन्ही गाडी थांबस, दादा." बस. खात्याची गाडी थांबते, असं अकरा पाड्यांत लोक म्हणत, आणि त्याला त्याच्या गाडीपेक्षा त्या वाक्याचा अभिमान जास्त होता. हे मला माहीत होतं. मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहायला नको.

दिवाळीनंतर तो दुकानात आला. आत नाही आला. वरची माणसं माझ्या दुकानात आत येत नाहीत, पायरीवर उकिडवी बसतात. या बसा असं मी कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

"उमाकांतभाऊ, गाडीना आवाज बदलना शे," तो म्हणाला.

"बजेट कितलं शे?"

"साडेचार हजार." मग म्हणाला, "आवाज बाहेर जावाले पाह्यजे, दादा. वरना पाडा लगून."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. हा साधा, घामाचा माणूस, आणि यालाही तेच हवं. निळे दिवे, धडधड, सगळ्या डोंगराला ऐकवायचं की बघा माझ्याकडे गाडी आहे.

"तुले बी वरातमा नाचाले जानं शे का?" मी म्हणालो.

"नही दादा. लोकेस्ले ऐकू येवाले पाह्यजे."

"लोकेस्ले काय करनं शे? गाडीमा तू बठस. तू ऐक."

त्याने तोंड उघडलं. काहीतरी सांगणार होता असं वाटलं. पण दुकानदाराशी वाद घालायची वरच्या माणसांची रीत नाही. दुकानदार, तलाठी, डॉक्टर, मास्तर, यांच्यापुढे ते एकदा बोलतात. ऐकलं तर ऐकलं.

"बरं," खात्या म्हणाला.

मग मी कामाला लागलो, आणि खोटं कशाला बोलू, जीव ओतला. साडेचार हजारांत आवाज करून दाखवणं हे कुणाचंही काम नाही. कंपनीचा टेप तसाच ठेवला, त्याच्यात दोष नव्हता. विसरवाडीजवळ हायवेवर एक कार ट्रकला धडकून पडली होती, भंगारवाल्याकडून तिचे दारातले दोन स्पीकर आणले, रबराच्या कडेचे, एकदम निरोगी. एक लहान जुना अॅम्प्लिफायर माझ्याकडेच पडून होता, तो उघडून स्वच्छ केला. दोन्ही दारं धुतली, लेंड्या आणि पुड्या माझ्या हाताने काढल्या. पत्रा हलू नये म्हणून आतून डांबराची पट्टी लावली, ती गच्चीची गळती थांबवायला वापरतात. आवाज दाबणाऱ्या महागड्या चादरीचं काम ती दहाव्या हिश्शात करते. दाराच्या आतल्या पत्र्याची सगळी भोकं बुजवली. स्पीकरच्या मागे सायकलच्या ट्यूबची कडी, पुढे प्लायवूडची कडी. बॅटरीपासून जाड वायर, वाटेत फ्यूज, आणि अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत. त्याच अपघातातल्या कारच्या काचांच्या रबरी पट्ट्या हाती लागल्या, त्याही कापून बसवल्या. काच वर केली की बाहेरचं जग बंद.

शेवटी आवाजाची मर्यादा मी स्वतः बांधून दिली. टेपचं बटण पूर्ण फिरवलं तरी आवाज फाटणार नाही, पण एका हद्दीपलीकडे मोठाही होणार नाही, अशी. स्वच्छ आवाजाची मजा मोठ्या आवाजात नसते हे या लोकांना कधी कळायचं, असं मी तेव्हा मनात म्हटलं. 'या लोकांना' असंच म्हटलं.

खात्याला आत बसवलं, काचा वर केल्या. त्याने त्याच्या मोबाइलमधलं लावलं. त्याच्या मामाने होळीला वाजवलेला ढोल आणि कुणाचीतरी बासरी, पाड्यावरच मोबाइलवर टिपलेलं. टिपलेलं अगदीच गबाळं होतं, मधे कुत्री भुंकतात, कुणीतरी खोकतं. पण माझ्या स्पीकरमधून ती बासरी आली तेव्हा वाजवणाऱ्याचा श्वासही ऐकू आला. खात्याचा हात स्टेअरिंगवरच राहिला. डोळे ओले झाले की नाही ते सांगता येत नाही, मी दुसरीकडे बघितलं.

"मामाना ढोल मन्हा जोडे वाजी ऱ्हायना," तो म्हणाला. जोडे म्हणजे जवळ, अगदी शेजारी.

मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी त्याला दम भरला. "आते काच खाली करानी नही. धूळ गई ते स्पीकर गया. काच उघडी दिखनी ते मी परत हात लावाव नही, सांगी ठेवस."

"बरं, दादा," तो म्हणाला.

खात्याचा 'बरं' म्हणजे शब्द. बाकीचे ड्रायव्हर माझ्यासमोर हो म्हणतात आणि पहिल्या वळणावर काच खाली करून पिचकारी मारतात. खात्याने काच बंद ठेवायची म्हटल्यावर ती बंदच राहिली. थंडीचे दिवस होते, त्यामुळे सोपंही गेलं.

पुढचे तीन बाजार मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला खात्याच्या गाडीचं उदाहरण दिलं. मोठे पैसेवाले, मोठ्या गाड्यांचे मालक, त्यांना सांगितलं, जा, एका पावऱ्याच्या जुन्या पिकअपमध्ये बसून या, मग कळेल आवाज काय असतो. दोघे-तिघे बसूनही आले. त्यांनी माना डोलावल्या.

पहिल्या बाजाराला खात्याच्या हौद्यात वीसेक माणसं होती. नेहमी पस्तीस असतात. दुसऱ्या बाजाराला पंधरा. तिसऱ्या बाजाराला मी मोजली नाहीत, पण उतरताना गर्दी दिसली नाही, आणि शेजारी दुसऱ्या ड्रायव्हरची जीप टपापर्यंत भरून आली होती.

"लोके कमी शेतस, दादा," खात्या पायरीवर बसून म्हणाला.

"ऊस तोडाले गयात गुजरातमा. आते होळीलेच येतीन," मी म्हणालो. आणि ते खोटंही नव्हतं. दिवाळीनंतर अर्धे पाडे रिकामे होतात. पण दुसऱ्याची जीप कशाने भरली, हा प्रश्न मला पडला नाही. मी त्याला उलट विचारलं, "आवाज कसा शे?"

"भारी शे," तो म्हणाला. मग खाली बघत, "एक डाव वर चला, दादा. मन्हं घर देखा."

बावीस वर्षं मी वरच्या लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि एकदाही वर गेलो नव्हतो. पंचेचाळीस किलोमीटर. सुरतला मी वर्षातून चार वेळा जातो. मला वाटलं, घाटात गाडी हलते, तिथे आपल्या कामाची खरी परीक्षा होईल. त्या आशेने हो म्हणालो. पुढच्या बाजाराच्या आदल्या दुपारी त्याच्याबरोबर वर गेलो, त्याच्या घरी जेवलो, झोपलो. जेवण चांगलं होतं. ज्वारीची भाकर, उडदाची डाळ. त्याच्या बायकोने मला एकटं खाटेवर बसवून वाढलं. घरातले सगळे जमिनीवर बसले होते. मी खाली उतरलो नाही.

रात्री मला सिग्नल मिळाला नाही. मोबाइल घेऊन अंगणात फिरलो तेव्हा खात्या म्हणाला, तो इथे कुणालाच मिळत नाही. पहाटे उजाडायला लागलं तेव्हा बघितलं, त्याच्या पाड्यात घरं अशी एका जागी नाहीतच. एक घर या टेकडीवर, दुसरं पलीकडच्या, तिसरं नाल्याच्या पार. प्रत्येकाचं घर त्याच्या शेतात. रस्ता खाली, घरं वर. मी चहा पीत ते बघत होतो आणि तरीही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

निघालो. मी पुढे खात्याच्या शेजारी, मागे त्याच्या भावकीतली पाच-सहा माणसं. काचा वर. घाटात गाडी डावी-उजवी होत होती आणि दारातून जरासुद्धा खडखड येत नव्हती. बासरी सुरू होती. मी डोळे मिटले. खरं सांगतो, असं समाधान मला लग्नातही झालं नव्हतं. वाटलं, या डबड्यात मी हे केलं, साडेचार हजारांत.

डोळे उघडले तेव्हा सहज डावीकडच्या आरशात नजर गेली. एक बाई रस्त्यावरून पळत होती. डोक्यावर टोपली, एका हाताने टोपली धरलेली, दुसरा हात हवेत. तोंड उघडं होतं. बंद होत होतं, उघडत होतं. तिच्या मागे उतारावरून दोन माणसं उड्या मारत येत होती, एकाच्या खांद्यावर शेळी. माझ्या मनात पहिला विचार काय आला माहीत आहे? ही बाई कसली गंमत करतेय. कारण गाडीत बासरी होती, आणि दुसरं काही नव्हतं.

मग ती आरशात लहान होत गेली आणि माझ्या लक्षात आलं की ती ओरडतेय.

"थांब," मी म्हणालो. "खात्या, थांब."

खात्याने आरशात बघितलं आणि ब्रेक दाबला. काच खाली केली. आत थंडी आली, आणि तिच्याबरोबर आवाज आला. "खात्या हे, खात्या हे," असं ती बाई ओरडत होती, आणि वरून आणखी कुठूनतरी कुणी ओरडत होतं. मागे हौद्यातली माणसं टपावर थापा मारत होती. किती वेळ मारत होती कुणास ठाऊक. डांबराची पट्टी मी टपालाही आतून लावली होती. उरली होती म्हणून.

बाई आली. कमलीबाई तिचं नाव. पायाचा अंगठा ठेचकाळून रक्त येत होतं. तिने टोपली आत टाकली आणि ती चढली. मग त्या दोघांपैकी शेळीवाल्याने खात्याला पावरी बोलीत विचारलं. बाजारात ऊठबस करून मला जेवढी पावरी कळायला लागलीय तेवढ्यात मला कळलं. तो विचारत होता, तू वाजवणं का सोडलंस?

तेव्हा मला समजलं. वर सिग्नल नाही, एसटी नाही, गाडीची वेळ नाही. पहाटे गाडी वरून निघते आणि वाजत येते. दोन टेकड्या पलीकडून ढोल ऐकू आला की घरातली बाई चूल विझवते, माणूस शेळी सोडतो, आणि सगळे उतार उतरून रस्त्यावर येतात. प्रत्येक ड्रायव्हरचं वाजणं वेगळं. खात्याचा ढोल म्हणजे खात्या. म्हणूनच तो फुटक्या कागदी स्पीकरवर, दोन्ही काचा खाली करून, बटण पूर्ण फिरवून चालायचा, आणि मला वाटायचं याला चव नाही. उंदराने स्पीकर खाल्ला तेव्हा त्याचा आवाज टेकड्यांवरच्या पाड्यांपर्यंत पोचेना, म्हणून तो माझ्याकडे आला होता.

"तू माले सांगं काबर नही?" मी म्हणालो. स्वतःचा आवाज मला चिडल्यासारखा ऐकू आला. अजूनही मीच चिडत होतो.

"सांगेल व्हतं, दादा," खात्या म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पण मालेबी गोड लागनं. काच लायी की मामाना ढोल जोडे येस. मी ऐकत ऱ्हायनू."

पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती. अंगावर जुनं लुगडं, पाठीवर काही नाही, हातात फक्त एक पिशवी. खात्याने तिला बघूनच गाडी हळू केली आणि तिच्याजवळ थांबवली. मला म्हणाला, ही रूपलीबाई, माझ्या बापाला ज्यांनी झोळीत आणलं त्यांच्यातल्या एकाची बायको. मी माझी जागा द्यायला दार उघडलं.

रूपलीबाई चढली नाही. दारातून तिने आत बघितलं. नवी काळी जाळी, तिच्यामागे माझे स्पीकर, पुसून चकचकीत ठेवलेला टेप. मग माझ्याकडे बघितलं. मग ती खात्याशी बोलली, हळू, पावरीत, आणि या वेळी मला शब्द न् शब्द कळला. तिची नात सुनिता, नऊ वर्षांची, रक्ताच्या सिकलसेल आजाराची. मागच्या बाजाराला तिचे हातपाय दुखायला लागले, ती रडायला लागली. ढोल ऐकू येईना, म्हणून रूपलीबाई तिला पाठीवर घेऊन आधीच रस्त्यावर येऊन बसली. खात्याची गाडी आली. रस्त्यावरचा खड्डा सोडून रूपलीबाई पलीकडच्या कडेला बसली होती. ती उठली, ओरडली. खात्याची मान पुढे होती, आणि तो हसत होता. गाडी गेली.

"हसत होतास," ती म्हणाली. एवढंच दोनदा म्हणाली.

पोरीला पाठीवर घेऊन ती घाट उतरली. दुपारी कुणाच्या तरी मोटारसायकलने त्यांना तळोद्याच्या दवाखान्यात पोचवलं. चार दिवस पोरगी दवाखान्यात होती. आता घरी आहे, चालत नाही अजून. पिशवीत तिच्या गोळ्यांचा कागद होता, तो घेऊन आजी एकटीच निघाली होती.

खात्या खाली उतरला. तिच्यासमोर उभा राहिला, आणि वरची गुंडी उगाच काढून परत लावली. मी बोललो. म्हणालो, बाई, चूक माझी आहे, काच मी बंद ठेवायला सांगितली होती. मराठीत बोललो, शाळेतल्या मराठीत, कारण घाबरलो की मी तीच बोलतो. रूपलीबाईने माझ्याकडे बघितलंही नाही. माझं काय होतं त्यात? मी कोण होतो? गाडी खात्याची होती.

मागून त्या दुसऱ्या ड्रायव्हरची जीप आली, निळे दिवे, फुटका आवाज, असा की माझ्या दातांना मुंग्या आल्या. तीच ती उलटी. रूपलीबाईने हात वर केला. जीप थांबली. आत जागा नव्हती. ती मागच्या पायरीवर चढली, शिडीचा दांडा धरला आणि गेली.

तळोद्याला पोचेपर्यंत खात्याने टेप लावला नाही.

मी त्याच दिवशी त्याच्या गाडीची सगळी डांबराची पट्टी पान्याने खरवडून काढली. नखं काळी झाली, अंगाला वास येत होता, आणि दारातून पुन्हा जुनी मिरची निघाली, कुठे दडली होती कोण जाणे. स्पीकर काढले. पुढच्या जाळीमागे दोन भोंगे बसवले, पावसापाण्यात टिकणारे, आणि आवाजाला घातलेला लगाम काढून टाकला. जे लागलं ते माझ्या पदरचं. वाजवून बघितलं तेव्हा ढोल पत्र्याच्या पिंपासारखा वाजला, बासरी तर शिट्टीच झाली. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, आणि समोरचा चहावाला हसला. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात घाण काम. ते मी नीट केलं.

आता खात्याचा ढोल वरून तीन टेकड्या ऐकू येतो म्हणतात. हौदा पुन्हा भरून येतो. कमलीबाई येते, शेळीवाला येतो, ऊसतोडीहून परतलेलेही येतात. दुकानात आता मी वरच्या माणसांना आत बसायला सांगतो. काही बसतात, काही बसत नाहीत. त्याने काही झालं असं मला वाटत नाही. एकदा मला स्वतःची किळस आली ती गेलेली नाही, आणि ही काही मिरचीच्या भुकटीसारखी नळाखाली धुता येत नाही.

बाजाराच्या दिवशी खात्या रूपलीबाईच्या वळणावर गाडी उभी करतो, इंजिन बंद करतो, ढोलही बंद करतो, आणि थांबतो. मागची माणसं कुरकुर करत नाहीत, त्यांना माहीत आहे. म्हातारी वर तिच्या दारात उभी असते. तिला गाडी दिसते, त्याला ती दिसते. मग तो निघतो. अर्ध्या तासाने ती निळ्या दिव्यांच्या जीपच्या मागच्या पायरीवर उभी राहून तळोद्यात येते. जीप माझ्या दुकानासमोरच थांबते. ती उतरते, पायरीवरून नातीला खाली घेते, आणि दोघी दवाखान्याच्या दिशेने चालायला लागतात. पोरीचा एक पाय अजून ओढत पडतो.